चिठ्ठ्या टाकल्या होत्या

नांदेडच्या एका खाजगी शाळेत मी नऊ वर्षं बालवर्गाला शिकवलं. शाळा शहराच्या अगदी कडेला होती. शेवटचे प्लॉट संपून सोयाबीनची रानं सुरू व्हायची, तिथं. वर्गात चार-पाच वर्षांची तीसेक लेकरं. सगळे धडे काही मला सारखे आवडत नव्हते. आवडायचा तो दिवाळीनंतरचा 'आपले मदतनीस' हा आठवडा.

पुस्तकात त्याला एकच पान होतं. डॉक्टर, नर्स, पोलीस, पोस्टमन, वायरमन, सफाई कामगार यांची चित्रं आणि खाली नावं. मी त्या एका पानाचा सहा दिवसांचा खेळ केला होता. माझ्या हाताला कला आहे आणि त्या कलेचा मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकते. बिघडलेल्या इअरफोनची वायर आणि बाटलीचं झाकण घेऊन मी स्टेथोस्कोप करायचे. पोलिसाची टोपी खाकी कव्हरच्या कागदाची. वायरमनचा पट्टा जुन्या बेल्टचा, त्याला कपडे वाळत घालायचे चिमटे अडकवलेले. रेक्झिनच्या फाटक्या पर्समधून कंडक्टरची पिशवी केली होती, ती दुसऱ्या शाळेतल्या बाया येऊन मोबाईलवर फोटो काढून न्यायच्या. वर्गातल्या खुर्च्या एकामागे एक लावून आम्ही कंधारची गाडी सोडायचो. 'लोहा, कंधार, चला लोहा, कंधार' असं ओरडत सगळी लेकरं चढायची आणि कंडक्टर झालेलं लेकरू उतरायलाच तयार नसायचं.

शनिवारी पालकांना बोलवायचं. हॉलमध्ये लेकरं आपापल्या वेशात यायची, एकेक वाक्य बोलायची आणि शेवटी दहा मिनिटांचं नाटुकलं व्हायचं. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, या कार्यक्रमावर फार खूश असायच्या.

एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी नव्यानं आली होती. बारीक, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी आणि बघणं जास्त. डबा खाऊन झाला की झाकण पुसून, डबा पिशवीत उभा ठेवायची. पाच वर्षांच्या लेकराला इतकी शिस्त कुठून, असं मला वाटायचं. त्यापुढं मी कधी विचार केला नाही.

कोणाला काय करायचं हे ठरवायला मी आदल्या आठवड्यात प्रवेशाचे फॉर्म घेऊन बसले. पालकांचा व्यवसाय बघून काम दिलं की वेश घरूनच येतो, ही माझी दरवर्षीची युक्ती. डॉक्टरच्या मुलाला डॉक्टर. पोलीस खात्यात वडील असलेल्याला पोलीस. नर्स केलं एका कापड दुकानदाराच्या मुलीला, कारण तिची आई पालक समितीत होती आणि ड्रेस शिवून आणणार हे नक्की होतं. नव्यानं आलेल्या त्या मुलीच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात 'खाजगी कंपनी, पुणे' लिहिलं होतं. आईच्या रकान्यात, 'नोकरी, सरकारी दवाखाना'. एवढंच. वर आडनाव होतं, खाली वस्तीचं नाव. आडनावावरून घर बौद्धांचं आहे हे आमच्याकडं कोणालाही कळतं.

माझा पेन थांबला नाही. तिच्या नावापुढं मी 'सफाई कामगार' लिहिलं आणि पुढच्या फॉर्मवर गेले. सरकारी दवाखान्यात ती बाई काय काम करत असेल, हे फॉर्मवर कुठंही नव्हतं. ते मी माझ्या मनानं भरलं. भरलं आहे हेसुद्धा मला कळलं नाही.

त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं, तर मी छातीला हात लावून सांगितलं असतं की मी जातपात मानत नाही. आणि ते मला खरं वाटलं असतं. मी चाकूरकडच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी. आमच्या गावच्या शाळेत रोज सकाळी अंगण झाडायला त्याच तीन पोरी असायच्या. घंटा वाजवायचा मान माझा असायचा. चौथी पास होईपर्यंत मला असं कधी वाटलं नाही की एखाद्या दिवशी घंटा त्यांनी वाजवावी आणि अंगण मी झाडावं. गुरुजी नावं घ्यायचे, पोरी झाडू उचलायच्या. मी मोठी झाले, डी.एड. केलं, नांदेडला लग्न होऊन आले, आणि हातात पेन आल्यावर तेच केलं.

सोमवारपासून खेळ सुरू झाला. मंगळवारी दवाखान्याचा दिवस होता. बाकावर चादर टाकून खाट केली, एक बाहुला पेशंट केला, सुई नसलेली सिरिंज ठेवली, दोरीला रिकामी बाटली बांधून सलाईन केलं. लेकरं पाळीपाळीनं येऊन खेळत होती. कापड दुकानदाराच्या मुलीनं सलाईनची बाटली बाहुल्याच्या शेजारी आडवी ठेवली. तेव्हा ही नवी मुलगी रांगेतून पुढं आली.

"खाली न्हाई ठेवायची. रक्त उलटं चढतं," ती म्हणाली आणि बाटली उचलून हात उंच करून उभी राहिली.

मी हसले. "अगं बाई! तुला काय माहीत?"

"माहीत हाय मला," ती म्हणाली. मग तिनं सिरिंज उभी धरली, नखानं टिचकी मारली, दांडा हळूच वर सरकवला. "हवा काढायची आधी, मॅडम." बाहुल्याच्या हाताला पट्टी बांधताना तिनं मनगटापासून सुरुवात केली आणि गुंडाळत वर गेली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवलेला. टोक आत खोचलं. मला स्वतःला अशी पट्टी बांधता येत नाही.

मी काय विचार केला तेही लिहिते. मला वाटलं, आई वॉर्ड झाडायला जात असेल, हिलाही सोबत नेत असेल, तिथं बघून शिकली असेल बिचारी. 'बिचारी' हा शब्द माझ्या मनात आला होता, हे मला नीट आठवतं.

सुट्टीच्या वेळी ती माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, मी नर्स होऊ का?"

"नर्स तर देऊन झाली ना बेटा."

ती तशीच उभी राहिली.

"आणि तुझं काम किती मोठं आहे माहीत आहे का?" मी तिला जवळ घेतलं. "सफाई कामगार नसले तर सगळं गाव आजारी पडेल. डॉक्टरपेक्षा मोठं काम ते. सगळ्यांत मोठं काम मी तुला दिलंय."

बोललेला शब्दन्‌शब्द खरा होता. पण तोवर एकाही वर्षी ते सगळ्यांत मोठं काम मी डॉक्टरच्या मुलाला कधी दिलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

शनिवारी हॉल भरला. मी शाळेत शिरणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होते आणि कोणी मोबाईलवर माझी कंडक्टरची पिशवी टिपतंय का हेही बघत होते. लेकरं एकेक करून पुढं येऊन वाक्य बोलत होती. "मी पोस्टमन. मी पत्रं आणतो." "मी वायरमन. मी लाईट आणतो." तिची पाळी आली. हातात नवा कोरा छोटा झाडू, मुठीला मीच लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. "मी सफाई कामगार. मी गाव स्वच्छ ठेवते," ती खणखणीत आवाजात म्हणाली. सगळ्यांत स्पष्ट वाक्य तिचंच आलं.

त्याच वेळी मागच्या दारातून एक बाई आत आल्या. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, छातीवर नावाची पट्टी, खिशाला पेन आणि छोटी कात्री. ड्युटीवरून थेट आल्या होत्या हे दिसत होतं. त्या मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मंचावरच्या मुलीनं त्यांना बघितलं आणि झाडू हातात असताना दुसरा हात हलवला. बाईंनीही हात हलवला.

मला कळलं. कळायला एक क्षणसुद्धा लागला नाही. पण माईक माझ्या हातात होता आणि नाटुकलं सुरू झालं होतं, म्हणून मी पुढं बोलत राहिले.

नाटुकल्यात एक मुलगा सायकलवरून पडतो, पोलीस त्याला उचलतो, डॉक्टर तपासतो, नर्स पट्टी बांधते, सफाई कामगार रस्ता झाडते. नर्स झालेल्या मुलीनं पट्टी कशीतरी गुंडाळली. मुलगा उठून उभा राहताच ती सगळी सुटून पायात आली. लोक हसले. ती मुलगी रडवेली झाली. तेव्हा या माझ्या सफाई कामगारानं झाडू खाली ठेवला, शांतपणे पुढं गेली, पट्टी उचलली आणि त्याच्या मनगटापासून गुंडाळायला लागली.

हॉलमध्ये दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी काय करायला हवं होतं? काहीच नाही. गप्प बसायला हवं होतं. पण माझा बसवलेला कार्यक्रम बिघडत होता, मागं ती बाई उभी होती, आणि मी घाबरले होते. मी माईकवर म्हणाले, "अगं, ते तुझं काम नाही. झाडू उचल. तू तुझं काम कर."

माईकमुळं ते सगळ्या हॉलभर घुमलं. तिच्या हातून पट्टीचे दोन वेढे झाले होते. तिनं पट्टी नर्स झालेल्या मुलीच्या हातात दिली, मागं आली, झाडू उचलला आणि मंचाचा तो कोपरा झाडायला लागली. तिथं काहीच पडलेलं नव्हतं. पण ती वाकून झाडत राहिली, नाटुकलं संपेपर्यंत.

कार्यक्रम संपल्यावर पालक लेकरांचे फोटो काढत होते. बाई माझ्याकडं आल्या. सोबत मुलगी, झाडू अजून हातात.

"नमस्कार मॅडम. मी हिची आई. स्टाफ नर्स आहे सरकारी दवाखान्यात."

"हो हो, या ना ताई. फार छान बोलली ही."

"छान बोलली," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला एवढंच विचारायचंय, कामं कशी वाटून दिली तुम्ही?"

माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक म्हणजे, 'ताई, चुकलं माझं.' तो रस्ता मला दिसला होता, म्हणून दिसला नव्हता असं म्हणता येत नाही.

"चिठ्ठ्या टाकल्या होत्या," मी म्हणाले. "दरवर्षी चिठ्ठ्याच टाकतो आम्ही. हिची तशी निघाली."

त्यांनी मुलीकडं बघितलं. "चिठ्ठ्या टाकल्या होत्या का गं?"

मुलीनं वर मान करून आईकडं नाही, माझ्याकडं बघितलं. दोन क्षण. मग मान हलवली. "हाव," ती म्हणाली.

"बरं," आई म्हणाल्या. त्यांनी मुलीच्या हातातला झाडू घेतला, टेबलावर ठेवला आणि तिचं बोट धरून निघून गेल्या.

रविवार माझा कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. सोमवारी मी वर्गात लवकर जाऊन बसले. मनाशी म्हणत होते की लेकरं विसरतात. ती आली, दप्तर ठेवलं, पाण्याची बाटली रांगेत लावली आणि माझ्याकडं आली.

"मॅडम."

"काय गं?"

"चिठ्ठ्या म्हंजी काय?"

"तुला माहीत नाही?"

"न्हाई."

"मग आईला तू हाव का म्हणालीस?"

तिला हा प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "तुम्ही म्हणल्या ना," ती म्हणाली.

बाकीची लेकरं आत येत होती. कोणी पोटात दुखतंय म्हणत होतं, कोणाची चप्पल हरवली होती. मी तिला काहीतरी सांगितलं, कागदाचे तुकडे, त्यावर नावं. ती ऐकून गेली. वर्गातल्या लेकरांना खोटं बोलू नये असं मी वर्षभर सांगत होते. मोठ्या अक्षरांत तो तक्ता माझ्याच हातानं रंगवून भिंतीला लावला होता. आणि एक लेकरू माझ्यामुळं, काय बोलतंय हे न कळता, आपल्या आईशी खोटं बोललं होतं. तिला ते खोटं आहे हेही माहीत नव्हतं. मॅडम म्हणतात म्हणजे ते तसंच असणार, एवढाच तिचा विश्वास.

मधल्या सुट्टीत मी मोठ्या मॅडमकडं गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तक्रार आली का लेखी?"

"नाही."

"मग तुम्ही का उकरून काढून राहिल्या? उद्या हे वाढलं तर शाळेचं नाव जाईल. सोडून द्या."

मी चार दिवस सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, मोठ्या मॅडमनी नको म्हटलं याचा मला आधार वाटला होता. पाचव्या दिवशी मुलीनं चित्रात एक घर काढलं, घरापुढं आई काढली, आणि आईच्या हातात एक लांब काठी काढली, खाली केसांसारख्या रेघा. मी विचारलं, "हे काय गं?"

"झाडू."

"आई झाडू घेऊन काय करते?"

"सगळ्यात मोठं काम हाय ना ते," ती म्हणाली.

दुपारी शाळा सुटल्यावर मी ऑटो करून सरकारी दवाखान्यात गेले. विचारत विचारत लहान मुलांच्या वॉर्डाशी पोचले. मुलीच्या आई आत होत्या. एका लेकराच्या हाताला सलाईन लावत होत्या आणि त्याचा बाप घाबरून भिंतीकडं तोंड करून उभा होता. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "बसा बाहेर. ड्युटी संपायला वेळ आहे," म्हणाल्या.

मी बाकावर बसले. दीड-दोन तास झाले असतील. हदगावकडनं आलेली एक म्हातारी शेजारी बसून नातवाच्या तापाचं सांगत होती, मी हो हो म्हणत होते. वॉर्डात फरशी पुसणारी एक वयस्कर बाई होती. एकदा ती बादली उचलताना अडखळली तर या आतून धावत आल्या, "मावशी, ठेवा, मी घेते," म्हणाल्या आणि बादली स्वतः दारापर्यंत नेऊन ठेवली.

ड्युटी संपवून त्या आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मध्ये एका माणसाची जागा राहिली.

"ताई, चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मी फॉर्म बघितला आणि..."

"माहीत आहे, मॅडम. सगळं नका सांगू. ऐकायला बरं नाही वाटत."

त्या खिशातली कात्री काढून हातात फिरवत होत्या.

"झाडूचं मला वाईट नाही वाटलं," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "आमच्या मावशी नाही आल्या तर एक दिवस वॉर्ड चालत नाही. कोणीही करावं ते नाटकात. सगळ्यांनी करावं. पण तुम्ही तिला दिला तो का दिला, हे मला मागच्या दारात उभी राहूनच कळलं. माझ्या शाळेत पण कळलं होतं, तिच्याएवढी असताना. मला वाटलं होतं, आता नांदेडात, एवढी फी भरून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाल्या, "तेही मी गिळलं असतं. सवय आहे. पण माझी पोरगी माझ्याशी खोटं बोलत नव्हती हो. एक गोष्ट नव्हती तिची खोटी. ते तुम्ही केलं."

मला रडू आलं. मला वाटलं त्या आता काहीतरी म्हणतील, जाऊ द्या म्हणतील. त्या काही म्हणाल्या नाहीत. माझं रडणं थांबेपर्यंत समोर बघत बसल्या. रडून मी त्यांच्याकडून आणखी काहीतरी मागत होते, हे मला तिथंच कळलं आणि मी डोळे पुसले.

"माफी मागायला आले होते," मी म्हणाले.

"माझी कशाला? तिची मागा. आणि वर्गात मागा, सगळ्यांसमोर. माईकवर बोलला होतात ना, सगळ्यांसमोर." त्या उठल्या. "मला गाडी पकडायचीय."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले. तीस लेकरं समोर. दारासमोरून मोठ्या मॅडमची फेरी चालली होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "चला, आज आपण पाढे म्हणू या."

माफी मी मागितली, पण सुट्टीत, वर्ग रिकामा असताना. तिला समोर बसवलं. म्हणाले, "बेटा, मी आईला सांगितलं ना चिठ्ठ्या टाकल्या, ते खोटं होतं. मॅडम खोटं बोलल्या. तुला नर्स द्यायला पाहिजे होती. तुला पट्टी बांधू द्यायला पाहिजे होती. मॅडमचं चुकलं."

ती पोळी-भाजीचा घास हातात धरून ऐकत होती. "मोठी माणसं खोटं बोलतात?" तिनं विचारलं.

"बोलतात कधी कधी."

"तुम्ही मंग वर्गात सगळ्यांना सांगता, बोलू नये."

"हो."

तिनं घास खाल्ला. तोंड पुसलं, डब्याचं झाकण पुसलं. "मी मम्मीला सांगू, तुम्ही सांगितलं म्हणून?"

"सांग."

"बरं," ती म्हणाली आणि खेळायला पळाली. त्या दिवसानंतर तिच्या वागण्यात मला काही फरक दिसला नाही. एक सोडून. आधी मी काही सांगितलं की ती लगेच मान हलवायची. आता थोडी थांबायची, माझ्याकडं बघायची आणि मग हलवायची. वर्ष संपेपर्यंत ती तशीच थांबत राहिली. प्रत्येक वेळी मला ते दिसायचं.

आईंनी तिचं नाव शाळेतून काढलं नाही, तक्रारही दिली नाही. वर्ष संपल्यावर त्यांची बदली झाली आणि दोघी नांदेडहून गेल्या. दाखला न्यायला त्या आल्या होत्या. मी वर्गातून बघितलं, बाहेर गेले, नमस्कार केला. त्यांनीही नमस्कार केला. "वर्गात नाही बोलला तुम्ही," त्या म्हणाल्या. "तिनं सांगितलं मला, डबा खाताना सांगितलं म्हणून."

"नाही झाली हिंमत, ताई."

"हं," म्हणाल्या आणि सही करायला आत गेल्या.

पुढच्या वर्षीपासून मी कामं वाटणं बंद केलं. आठवडाभर प्रत्येक लेकरू पाळीपाळीनं सगळं व्हायचं, आज डॉक्टर, उद्या झाडू, परवा कंडक्टर. शनिवारच्या कार्यक्रमात जे लेकरू ज्या कामावर आलं असेल ते करायचं. पहिल्याच वर्षी एका मुलाचे वडील ऑफिसात आले. "आमच्या पोराच्या हातात झाडू? फोटो गावाकडं पाठवायचे आम्हाला." मी त्यांना काय सांगितलं? खरं कारण सांगितलं नाही. "वरून नियम आलाय, साहेब," म्हणाले. असा कुठलाही नियम आला नव्हता. ते कुरकुरत गेले. मुलानं मात्र झाडू आनंदानं मारला, अगदी मंचाच्या कडेपर्यंत, आणि उतरायला तयार नव्हता.

नंतर मिस्टरांच्या नोकरीमुळं आम्ही लातूरला आलो. इथं मी शाळेत शिकवत नाही. अंगणवाडीच्या बायांना कागदकाम आणि खेळ शिकवायला मला अधूनमधून बोलावतात. आजूबाजूच्या गावांतून येतात त्या, पिशवीत कात्री आणि पुठ्ठे घेऊन. मी त्यांना स्टेथोस्कोप करायला शिकवते, टोपी शिकवते, पट्टी मनगटापासून वर कशी गुंडाळायची तेही शिकवते. आणि सांगते, सगळ्या लेकरांना सगळी कामं द्या. घरचा धंदा बघून देऊ नका.

मागच्या महिन्यात एक तरुण सेविका उभी राहिली. "मॅडम, पण असं का? ज्याच्या घरी जे आहे ते त्याला सोपं जातं ना."

चाळीस-पन्नास बाया माझ्याकडं बघत होत्या. वहीवर पेन टेकवून. सांगायला याहून बरी जागा मला कधी मिळणार नव्हती.

"लेकरांना बदल आवडतो," मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं.